मंगळवारचा रंग कोणता?

इंग्लंडमधल्या शाळांत काही वर्षांपूर्वीपर्यंत एक मजेदार प्रकल्प असायचा. ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेतलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ओसीआर हे परीक्षा मंडळ सांगायचं, की एक नवं संगीत-मासिक काढा. अख्खा अंक नको; मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एका लेखाची समोरासमोरची दोन पानं पुरेत. ते झालं की प्रश्नांची सरबत्ती. त्यात एक प्रश्न हमखास असायचा: या मासिकातून कुठला सामाजिक गट दिसतो, आणि कसा दिसतो? आणखी एक: तुमचा वाचक तुम्ही खेचून कसा आणलात?

गाण्याबजावण्याच्या मासिकात हे समाजशास्त्र कुठून घुसलं, असं कुणालाही वाटेल. पण जरा थांबून बघा. सिनेमाच्या मासिकाला सिनेमातलं दृश्य छापता येतं, पाककृतींच्या मासिकाला पुरणपोळीचा फोटो टाकता येतो. गाणं मात्र कागदावर ऐकू येत नाही. ज्यावर सगळा डोलारा उभा, तीच गोष्ट पानावर आणता येत नाही. मग दाखवायचं काय? तर ते गाणं ऐकणारी माणसं. त्यांचे कपडे, केस, बोलण्याची तऱ्हा, त्यांना कशाचा तिटकारा आहे ते. संगीत-मासिकाची मांडणी गाण्याचं चित्र काढायला जाते आणि काढून बसते श्रोत्याचं. ते इतकं नेमकं उतरतं, की स्टॉलवर दहा पावलांवरून पोरगं ओळखतं, हे आपलं आणि ते आपलं नव्हे. आत काय लिहिलंय हे त्यानं अजून वाचलेलंही नसतं!

हा खेळ किती हिशेबी असतो ते बघायला निक लोगन या एकाच माणसाच्या मागे गेलं तरी पुरे. दहा वर्षांच्या आत त्यानं तीन वेगळ्या जमाती कागदावर उभ्या केल्या.

१९७३ ते १९७८ तो ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’चा, म्हणजे सगळे ज्याला एनएमई म्हणतात त्या लंडनच्या साप्ताहिकाचा संपादक होता. हे साप्ताहिक १९५२ सालचं. ब्रिटनमधला गाण्यांच्या रेकॉर्डविक्रीचा पहिला तक्ता त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला याच पत्रानं छापला. लोगनच्या काळात ते आठवड्याला दोन लाखांच्या वर खपायचं आणि दिसायला चक्क वर्तमानपत्र होतं. खरखरीत कागद, बारीक टाइप, खच्चून भरलेले रकाने, काळेपांढरे फोटो. वाचून झालं की बोटं काळी. म्हणून या साप्ताहिकांना तिकडे ‘इंकीज’ म्हणत. स्वस्त छपाई हे त्याचं कारण होतंच, पण त्या दाटीतून एक निरोपही जायचा: रॉक संगीत ही गंभीर बाब आहे, त्यावर लांबलचक वाचायची आणि वाद घालायची तुझी तयारी असेल तरच ये. कॉलेजातल्या, किंवा कॉलेजात असायला हवं होतं असं वाटणाऱ्या मुलांना हा निरोप बरोब्बर पोचला.

१९७६च्या जुलैत लंडनच्याच डेप्टफर्ड भागातल्या मार्क पेरी नावाच्या एकोणीस वर्षांच्या बँक-कारकुनानं या गंभीरपणाला सुरुंग लावला. ‘रमोन्स’ या अमेरिकी पंक बँडच्या एका गाण्यावरून त्यानं आपल्या पत्राला ‘स्निफिन ग्लू’ हे नाव दिलं. मथळे जाड मार्करनं हातानं लिहिलेले, मजकूर टाइपरायटरवर बडवलेला, शुद्धलेखनाच्या चुका तशाच, खोडलेले शब्द खोडलेलेच, आणि पानं झेरॉक्स करून पिना मारलेली. पहिल्या खेपेला जेमतेम पन्नासेक प्रती निघाल्या. खोडलेला शब्द छापायला जाणं ही गोष्ट आधी आळसाची वाटते. मग लक्षात येतं, की पंकला जे म्हणायचं होतं ते याहून नेमकं म्हणताच आलं नसतं. तीन सूर येत असतील तर बँड काढा, अशी पंकची वृत्ती. मार्कर आणि झेरॉक्स मिळत असेल तर मासिक काढा, असं हे पान सांगत होतं. पेरीनं तर वाचकांना उघड बजावलं, की आम्ही लिहितो त्यावर समाधान मानू नका, स्वतःचं पत्र काढा. लोकांनी ऐकलं. देशभर असल्या झेरॉक्स पत्रांचं पेव फुटलं, आणि पेरीनं वर्षभरात स्वतःचं बंद करून टाकलं.

लोगन एव्हाना दुसरीकडेच बघत होता. १९७८च्या अखेरीस त्यानं ‘स्मॅश हिट्स’ काढलं. कल्पना अगदी साधी: गाजत असलेल्या गाण्यांचे शब्द छापायचे. आपल्याकडे थिएटरबाहेर काही आण्यांना मिळणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या आठवा. त्याच जातीचा हा प्रकार, फक्त गुळगुळीत कागदावर, चार रंगांत. गाण्याचे शब्द एका बाजूला, गायकाचा पानभर फोटो दुसऱ्या बाजूला, म्हणजे पान फाडलं की थेट भिंतीवर. मासिकाची मांडणी करणाऱ्यानं वाचकाच्या खोलीची भिंत गृहीत धरली होती. एनएमई कुणी भिंतीवर लावत नसे, काखेत धरून हिंडे. एक सगळ्यांना दिसावं म्हणून, दुसरं स्वतःला दिसावं म्हणून.

पण ‘स्मॅश हिट्स’ची खरी करामत त्याच्या आवाजात होती. बारा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना, त्यातही मुलींना, बाकीची संगीतपत्रं किंचाळणारी गर्दी समजत. इथं त्यांना चावट, हुशार सवंगडी समजून बोललं जाई. गायक डेव्हिड बोवी हा ‘डेम’ (ही तिकडे बायकांना मिळणारी मानाची पदवी) डेव्हिड बोवी झाला. मोठमोठ्या गायकांना प्रश्न विचारले जात ते असे: मंगळवारचा रंग कोणता? तुमची आई गोल्फ खेळते का? कलेवर प्रवचन द्यायच्या तयारीनं आलेला तारा यावर गडबडायचा आणि वाचक खिदळायचे. गाण्यावर जीव टाकायचा आणि त्याच दमात गायकाची फिरकीही घ्यायची, हे या गटाचं लक्षण मासिकानं ओळखलं. की त्यांना शिकवलं? सांगणं अवघड आहे. तिथल्या संपादक-मंडळातला एक गृहस्थ, नील टेनंट, पुढे स्वतःच ‘पेट शॉप बॉइज’ या जोडीतला गायक झाला आणि त्या पानांवर पोस्टर बनून परतला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खप दहा लाखांच्या आसपास गेला. १९८७च्या निवडणुकीच्या वर्षी खुद्द मार्गारेट थॅचर बाईंनी ‘स्मॅश हिट्स’ला मुलाखत दिली. पंतप्रधानांना मंगळवारच्या रंगाशी काय देणंघेणं? पण हा गट त्यांना दुसऱ्या कुठल्या दारातून भेटणार होता?

आता तिसरं अपत्य. मे १९८०. लोगननं स्वतःच्या बचतीतले साडेतीन हजार पौंड घातले आणि ‘द फेस’ काढलं. साठच्या दशकातल्या ‘मॉड’ पोरांच्या बोलीत टोळीतल्या सगळ्यांत झोकदार म्होरक्याला ‘फेस’ म्हणत. लोगन त्याच वातावरणात वाढलेला. पहिल्या मुखपृष्ठावर ‘द स्पेशल्स’चा जेरी डॅमर्स होता. गोऱ्या आणि काळ्या पोरांच्या या बँडनं काळ्यापांढऱ्या चौकटींचा पट्टा हीच आपली खूण केली होती. ‘द फेस’चा वाचक वीस-बावीसचा, क्लबात जाणारा, जुन्या बाजारातला कोट आणि महागडे बूट एकत्र घालणारा. त्याला गाणं, कपडे, सिनेमा, राजकारण असे वेगळे कप्पे नकोच होते. म्हणून मासिकातही नव्हते.

१९८१ पासून मांडणीची सूत्रं नेव्हिल ब्रॉडीकडे आली. विद्यार्थी असताना टपाल-तिकिटाच्या आराखड्यात राणीचं डोकं आडवं करून यानं कॉलेजातून हकालपट्टी जवळजवळ ओढवून घेतली होती. त्यानं ‘द फेस’साठी अक्षरंच नव्यानं काढली, टोकदार आणि भूमितीच्या साच्यातली. त्याचा सगळ्यांत थक्क करणारा प्रयोग अनुक्रमणिकेच्या पानावर आहे. वर ‘कॉन्टेन्ट्स’ हा शब्द होता. पुढच्या अंकात त्याची अक्षरं थोडी मोडली. त्याच्या पुढच्या अंकात आणखी. काही अंकांनी तिथं शब्द उरलाच नाही. नुसत्या रेघा आणि आकार, एखाद्या अनोळखी लिपीतल्या खुणेसारखे. आणि कुणाचं काही अडलं नाही! दर महिन्याला अंक घेणाऱ्याला ठाऊक होतं, की या जागी अनुक्रमणिका असते. नव्यानं अंक हातात घेणारा मात्र कोड्यात पडायचा. म्हणजे एकच खूण जुन्या वाचकाला ‘तू घरचा’ म्हणत होती आणि नवख्याला ‘तू उशिरा आलास’. गट तयार होतो तो बरेचदा असाच. आत घेणारं आणि बाहेर ठेवणारं दार एकच असतं.

मग व्हायचं तेच झालं. दुकानांच्या पाट्या, जाहिराती, सगळीकडे ब्रॉडीछाप अक्षरं झळकू लागली. खूण बाजारात गेली की गटाच्या कामाची राहत नाही. १९८६ साली लोगनच्याच नव्या ‘अरीना’ मासिकासाठी ब्रॉडीनं काय केलं असेल? हेल्व्हेटिका. जगातला सगळ्यांत साधा, सरकारी फॉर्मवरही शोभेल असा फॉन्ट. नक्कल करणाऱ्यांना आता नक्कल करायला काही उरू नये, हाच त्यामागचा विचार. डिक हेब्डिज या अभ्यासकानं १९८५ साली ‘द फेस’वर एक लांब, चिडका निबंध लिहिला. हे मासिक वाचायचं नसून त्यातून नुसतं भटकायचं असतं, सगळा पृष्ठभागच, ही त्याची तक्रार. माझ्या मते तक्रार खरी आहे, पण ती त्या वाचकाच्या कानी गेली असती तर तो खूश झाला असता.

मांडणीच्या या भाषेला काही रोजचं व्याकरणही आहे. स्टॉलवर मासिकं एकावर एक चढवून लावलेली असतात, उजवी बाजू झाकलेली. म्हणून महत्त्वाचे शब्द डाव्या कडेच्या पट्टीत येतात. मुखपृष्ठावरचा चेहरा बहुतेक वेळा सरळ आपल्या डोळ्यांत बघतो, कारण नजर मिळाली की हात पुढे होतो. गायकाचं डोकं मासिकाच्या नावावर आलं आणि दोन-तीन अक्षरं झाकली गेली, तर समजावं की मासिकाला आपल्या ओळखीची खात्री आहे. नवख्या मासिकाला ही चैन परवडत नाही.

आणि काही वेळा नावच सगळं काम करतं. १९८१च्या जूनमध्ये ‘साउंड्स’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ‘केरँग!’ निघालं. इलेक्ट्रिक गिटारवर जोरात हाणलेल्या सुराचा आवाज म्हणजे ‘केरँग’. नावाची अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी. कागदावर आवाज उमटत नाही म्हणालो खरा, पण हेवी मेटलवाल्यांनी तेवढ्यापुरता तो उमटवून दाखवला. त्याच्या अगदी उलट टोकाला १९८६चं ‘क्यू’. सीडीचा जमाना आला होता, तिशी ओलांडलेले लोक आपल्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा सीडीवर विकत घेत होते. त्यांना हवी होती नीटनेटकी पानं, परीक्षणांना तारे, आणि पहिल्या मुखपृष्ठावर ‘बीटल्स’वाला पॉल मॅकार्टनी.

अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ची तर सुरुवातच एका विसंगतीनं झाली. त्याचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७चा, सॅन फ्रान्सिस्कोतून निघालेला. हिप्पी चळवळ ऐन भरात, गल्लोगल्ली वितळत्या, वेटोळ्या अक्षरांची भडक पोस्टरं. एकविसाव्या वर्षी हे पत्र काढणाऱ्या यान वेनरनं नावाची अक्षरं त्याच पोस्टरवाल्यांपैकी रिक ग्रिफिन याच्याकडून घेतली. पण बाकीचं पान? पानाभोवती एक जाड, एक बारीक अशी जोडरेघेची चौकट, रांगेत उभे रकाने, जुन्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रांतला टाइम्स रोमन टाइप. वेनर आधी ज्या ‘संडे रॅम्पार्ट्स’ या बंद पडलेल्या पत्रात होता, त्याचाच हा साचा. सोयीनं आलेली गोष्ट, पण लागू पडली कमालीची. नाव सांगत होतं, आम्ही लांब केसांचे. चौकट सांगत होती, आमचं म्हणणं छापील आणि जबाबदार आहे. हिप्पी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पोरांना आपली बातमी अशा चौकटीत पहिल्यांदाच दिसली.

हे सगळं वाचताना आपण गृहीत धरतो, की गट आधी असतो आणि मासिक मागाहून येऊन त्याचं चित्र काढतं. सेरा थॉर्नटन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९५च्या ‘क्लब कल्चर्स’ या पुस्तकात नेमकं हेच उलटं केलं. ब्रिटनमधल्या रेव्ह पार्ट्यांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं, की तळातून आपोआप उगवलेला म्हणतात त्या गटातही पहिल्या दिवसापासून कागद होता. हातात कोंबायची पत्रकं, कार्यक्रमांच्या याद्या, संगीत-मासिकं. कोण आत, कोण बाहेर हे तिथंच ठरत होतं. मोठ्या वर्तमानपत्रांनी शिव्या घातल्या तर ते पदकच. कागदच गट घडवतो याचा सुबक पुरावा एनएमईकडे आहे. १९८६ साली त्यांनी बावीस नव्या बँडांची गाणी एका कॅसेटवर भरून वाचकांना विकली आणि तिला ‘सी-८६’ हे नाव दिलं: कॅसेटचा ‘सी’ आणि साल. त्या बँडांचं आपापसात फारसं साम्यही नव्हतं. पण किणकिणत्या गिटारच्या, संकोची आवाजाच्या संगीताला पुढे हेच नाव पडलं. आज लोक ‘सी-८६ प्रकारचं’ गाणं असं म्हणतात. कॅसेटवरच्या लेबलातून एक संगीतप्रकार जन्मला!

आपल्या देशात याच धर्तीचं काम केलं ते ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ या मासिकानं, १९९३ पासून, आणि तेही अलाहाबादहून. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ या संगीत-महोत्सवाला काळे टी-शर्ट घालून जमणारी पोरं, पुण्या-बंगळुरूच्या कॉलेजांतली पोरं, शिलाँगची पोरं, यांना एकमेकांची खबर लागायला इंटरनेट नव्हतं. अलाहाबादहून आलेला अंक होता.

मात्र गट उभा करण्याचं दुसरं कारण फारसं रोमँटिक नाही. मासिक दोनदा विकलं जातं: एकदा वाचकाला, आणि मग तोच वाचक जाहिरातदाराला. ‘रोलिंग स्टोन’नं १९८५ साली हे इतक्या उघडपणे केलं की थक्क व्हावं. जाहिरातदारांसाठी काढलेल्या त्या मोहिमेचं नाव ‘पर्सेप्शन, रिअॅलिटी’: समज आणि वास्तव. डाव्या पानावर केसाळ, मणी घातलेला हिप्पी, म्हणजे तुमचा समज. उजव्या पानावर केस कापलेला, चांगल्या कपड्यांतला, पगारदार तरुण, म्हणजे वास्तव. ज्या हिप्पीला चौकटीतली प्रतिष्ठा देऊन हे पत्र उभं राहिलं, त्यालाच अठरा वर्षांनी गैरसमज म्हणून छापलं. जाहिराती वाढल्या.

ज्याचं चित्र काढलं जातं त्याच्याइतकंच, ज्याचं काढलं जात नाही त्याच्याबद्दलही मांडणी बोलत असते. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला एनएमईच्या कचेरीत अक्षरशः दोन तट पडले. हिप-हॉपला मुखपृष्ठ द्यायचं, की गिटारवाल्या गोऱ्या बँडांनाच धरून राहायचं? काळा कलावंत मुखपृष्ठावर आला की खप घसरतो, हा तेव्हाचा धंद्यातला समज. मजा अशी, की त्याच साप्ताहिकानं १९८७ आणि १९८८, दोन्ही वर्षी ‘पब्लिक एनिमी’ या हिप-हॉप गटाच्या अल्बमना वर्षातले सर्वोत्तम ठरवलं. कानांना हिप-हॉप मान्य होतं, गल्ल्याला नव्हतं.

अमेरिकेत मग हा वाचक कुणाच्या परवानगीसाठी थांबला नाही. १९८८ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी एका पानाचं पत्रक म्हणून सुरू केलेलं ‘द सोर्स’ हिप-हॉपचं मासिक झालं. तिथं अल्बमला तारे मिळत नसत, मायक्रोफोन मिळत, जास्तीत जास्त पाच. १९९४ साली रॅपर नॅझच्या ‘इलमॅटिक’ला पाच मिळाले आणि ती चर्चा रॅपच्या दुनियेत अजून चालू आहे. परीक्षणाचं मोजमापसुद्धा गटाच्याच हातातली वस्तू! संगीतकार क्विन्सी जोन्सनं १९९२-९३ मध्ये आणलेल्या ‘व्हाइब’नं दुसरी बाजू सांभाळली. मोठा आकार, उंची कागद, फॅशनच्या मासिकात शोभतील असे फोटो. रॅपवाले एरवी वर्तमानपत्रांत गुन्ह्यांच्या बातम्यांच्या शेजारी दिसत. इथं ते तेवढ्याच ऐटीत दिसू लागले, जेवढ्या ऐटीत सिनेतारका दिसतात.

२०२३च्या सप्टेंबरात यान वेनरचं ‘द मास्टर्स’ हे मुलाखतींचं पुस्तक आलं. सात संगीतकार, सातही गोरे पुरुष. असं का, या प्रश्नावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला त्यानं दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की बायका आणि काळे कलावंत त्या वैचारिक पातळीवर बोलू शकले नसते. ज्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या स्थापनेत त्याचा हात होता, तिथल्या संचालक मंडळावरून त्याला लगोलग काढून टाकण्यात आलं. खुद्द ‘रोलिंग स्टोन’च्या दुसऱ्याच अंकाच्या, २३ नोव्हेंबर १९६७च्या मुखपृष्ठावर त्याच जोडरेघेच्या चौकटीत काळी गायिका टीना टर्नर आहे.